राख किती उरली

लांजेवारजी आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा बैठकीत बसलेच नाहीत. चपला दाराशी काढल्या, सासूबाईंना नमस्कार केला आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन स्टोव्हपुढे उकिडवे बसले. वात वर-खाली करून पाहिली, पातेल्याच्या बुडावरून बोट फिरवलं, ते काजळीचं बोट नाकाशी नेलं आणि मागे वळून मला म्हणाले, "बाई, तुमच्या रॉकेलात पाणी हाये." सासूबाई दारातून बघत होत्या. त्यांच्या स्वयंपाकघरात आजवर परका पुरुष शिरला नव्हता. रागवावं की नाही हे त्यांचं ठरेपर्यंत लांजेवारजींनी टाकी रिकामी करून, पुसून, वरचं नितळ रॉकेल परत भरून स्टोव्ह पुन्हा पेटवलाही होता. ज्योत निळी झाली. सासूबाई म्हणाल्या, "चहा घेणार ना?" त्यानंतर लांजेवारजींना बैठकीत बसवण्याच्या भानगडीत आमच्याकडे कोणी पडलं नाही.

कोणाच्याही घरी गेले की हा माणूस आधी चूल बघायचा. आमच्या कचेरीतल्या साहेबांच्या मुलीच्या लग्नात सगळे मांडवात अक्षता घेऊन उभे, आणि लांजेवारजी मागच्या अंगणात आचाऱ्याच्या भट्टीसमोर. "ओलं लाकूड घातलं गा त्यानं," मला येऊन हळूच सांगितलं, "आज भात उशिरा होते." भात उशिराच झाला.

मी नाशिककडची. लग्न होऊन नागपुरात आले आणि सत्तरच्या आसपास कामठी रोडवरच्या एका लहानशा प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून लागले. कन्हानकडच्या खाणींतून, व्यापाऱ्यांच्या डेपोंतून कोळशाचे नमुने यायचे, ते तपासून द्यायचे, हे आमचं काम. कागदावर मी लांजेवारजींची वरिष्ठ होते. ते सहायक, शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडचं, वय माझ्या दुप्पट. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना मूस, म्हणजे नमुना जाळायची चिनी मातीची वाटी, भट्टीत कशी ठेवायची हे पुस्तकातून वाचून दाखवलं होतं. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरोबर हाये बाई. फक्त चिमटा उलटा धरला तुमी." स्वभाव माझा तेव्हाही तापटच होता, पण या माणसावर रागावता येत नसे. त्यांच्या बोलण्यात खोच नसायची, फक्त माहिती असायची.

काम तसं साधं होतं. चिमूटभर नमुना तोलून मुशीत घ्यायचा, लालबुंद भट्टीत जाळायचा आणि शेवटी राख किती उरली ते तोलायचं. राख जास्त तर माल हलका. पण पोतंभर मालातून ती चिमूट कशी घ्यायची, यात सगळी मेख. लांजेवारजी माल दळून त्याचा ढीग करत, ढीग चपटा करत, त्याचे चार भाग पाडत. समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे. उरलेल्याचा पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. असं करत करत मूठभर राहील तोवर. हाताने वेचायचं नाही, चांगलं-वाईट बघायचं नाही. "डोळा लबाड असते बाई," ते म्हणायचे. "त्याले जे पायजे तेच तो उचलते."

आलेल्या पिशवीवरची चिठ्ठी ते आधी काढून टाकत आणि नुसता क्रमांक लावत. एकदा एका व्यापाऱ्याचा माणूस नमुना घेऊन आला आणि कानाशी लागून आपल्या मालकाचं नाव सांगू लागला. लांजेवारजींनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "नाव नका सांगू गा. मले ऐकाले येते." तो माणूस गोंधळून निघून गेला. मी हसून हसून बेजार झाले, पण ते हसले नाहीत. नाव ऐकलेला नमुना त्यांनी त्या दिवशी मला तपासायला दिला, स्वतः हात लावला नाही.

त्यांचं गाव कुही तालुक्यातलं, सगळा धानाचा मुलूख. बायको पार्बताबाई तिकडे शेती बघायची, हे इतवारीत एका खोलीत राहायचे आणि शनिवारी दुपारी एसटी पकडून गावी जायचे. सोमवारी परत येताना त्यांच्या पिशवीत डबा असायचा आणि डब्याखाली हमखास धानाचं तणीस, आमच्याकडे ज्याला भाताचा पेंढा म्हणतात ते. चांगलं नव्हे, कुजकं. पावसात भिजलेलं, ढिगाच्या तळाचं, काळं पडलेलं. गुरं त्याला तोंड लावत नसत आणि चुलीत घातलं तर घरभर धूर. गावाजवळ जंगल उरलं नव्हतं. बायका शेणाच्या गोवऱ्या जाळत, म्हणजे शेताचं खत चुलीत जायचं. लांजेवारजींच्या डोक्याला ही गोष्ट लागून राहिली होती. "जनावराच्या तोंडचं मी घेणार नाही," ते म्हणायचे. "पण जनावरानं टाकलेलं तं मले घेऊ द्या."

मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या मागे त्यांचा उद्योग चाले. वनस्पती तुपाचा मोठा डबा, त्यात बारीक कापलेलं तणीस ठासून भरलेलं, झाकणाला खिळ्याएवढं भोक. डब्याभोवती गोवऱ्यांचा मंद विस्तव. हवा आत जाऊ द्यायची नाही, म्हणजे तणीस जळत नाही, नुसतं भाजतं. झाकणाच्या भोकातून आधी पांढरा धूर यायचा. "हे पाणी." मग पिवळा, डोळे झोंबवणारा. "हा तणसाचा राग होय. निघून जाऊ द्या." तो धूर विरळ होऊन निळसर झाला की डबा बाहेर काढायचा, भोक ओल्या मातीने लिंपायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच्याकडे बघायचंही नाही. आतलं तणीस बदामी रंगाचं निघायचं, बोटांत धरलं की चुरा व्हायचा. काळं झालेलं त्यांना चालत नसे. "काळं झालं म्हंजे निम्मा जाळ आभाळात गेला." तो चुरा तांदळाच्या पेजेत कालवून, पाइपाच्या तुकड्यात दाबून, ते त्याच्या वड्या पाडत आणि उन्हात वाळवत. वडी पेटायला जरा वेळ घ्यायची, पण एकदा पेटली की धूर जवळजवळ नाही. कचेरीत सगळे त्यांना चिडवायचे, "लांजेवारजी, आज वड्या कशाच्या? कोथिंबिरीच्या का?"

यात माझाही एक पराक्रम आहे. एकदा ते साहेबांकडे गेले होते आणि मला धीर निघेना. गरम डब्याचं झाकण मी पक्कडीने उघडलं. आत हवा जायची खोटी, भक्कन जाळ उसळला आणि माझ्या कपाळावरचे केस करपले. लांजेवारजी धावत आले. पदर वाचला, तणीस गेलं. मला वाटलं आता काहीतरी ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी मला माठातलं पाणी आणून दिलं, माझ्या कपाळाकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "राख कमीच निघाली बाई तुमची." महिनाभर मी केस पुढे ओढून फिरत होते.

पुढे रॉकेलची टंचाई आली. रेशनच्या दुकानापुढे डबे घेऊन बायकांच्या रांगा लागल्या, त्यात मीही असायचे. तेव्हा वरून एक पत्र आलं. टाकाऊ मालापासून घरगुती जळण होत असेल तर नमुना तपासून अहवाल पाठवा, राख ठरलेल्या मर्यादेत असली तर पाच गावांत पत्र्याच्या भट्ट्या बसवून देऊ. साहेबांनी हसत हसत पत्र लांजेवारजींच्या हातात दिलं. त्यांनी ते तीनदा वाचलं. निवृत्तीला त्यांचं एकच वर्ष उरलं होतं. त्या दिवशी डबा खाताना ते मला म्हणाले, "पाच गावं, बाई. त्यात आमचं एक धरतीन ना?" इतकी वर्षं मी त्यांना ओळखत होते, पण स्वतःसाठी म्हणून काही मागताना तेवढंच पाहिलं.

ते गावाहून दोन पोती वड्या घेऊन आले. एका पोत्यात कुजक्या तणसाच्या, हाच खरा नमुना. दुसऱ्या पोत्यात चांगल्या, स्वच्छ, गुरांना घालायच्या तणसाच्या, केवळ तुलनेसाठी. स्वतःच्या मालाला स्वतः हात लावायचा नाही हा त्यांचा नेम, म्हणून तपासणी माझ्याकडे. मी रीतसर ढीग केला, चार भाग केले, मूस भट्टीत ठेवली. राख मर्यादेच्या बरीच वर आली. ढिगाच्या तळाच्या तणसाला मातीच इतकी चिकटलेली. मी पुन्हा तपासलं. तेच. धानाच्या तणसात मुळातच राख जास्त, त्यात ही शेताची माती.

मग मी जे केलं ते आजही लिहायला हात अडखळतो. मी दुसऱ्या पोत्यातल्या वड्या घेतल्या, त्यांतल्याही हाताने वेचून चांगल्या घेतल्या आणि मूस भट्टीत ठेवली. राख मर्यादेत आली. मी तो आकडा वहीत लिहिला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कोळशाला न्याय दिलेल्या माणसाला एकदा तरी न्याय मिळावा, असं मी मनाला समजावलं. खरं म्हणजे मला त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघायचा होता.

भट्टीतून काढलेली मूस मी टेबलावर तशीच विसरले. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईने करू नये अशी चूक. लांजेवारजी मुशी धुवायला आले, तिच्यात डोकावले आणि उभेच राहिले.

"बाई, हे राख कोणाची होय?"

"तुमच्याच नमुन्याची."

"माह्या तणसाची राख तांबूस असते. आमच्या बांधीतली माती हाये त्यात. हे तं पांढरी फटक हाये."

त्यांनी वही पाहिली. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला.

"लांजेवारजी," मी म्हटलं, "एकदा मंजूर तर होऊ द्या. भट्ट्या आल्या की मातीचं बघता येईल. तुमच्याच गावाचं भलं होईल ना?"

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. माझ्यासमोर स्टूल ओढून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "काहून केलं तुमी असं? आमच्या गावच्या बाया चुलीत काय टाकतीन? तुमी वेचलेल्या वड्या? त्याईच्या चुलीत तं माह्याच जातीन ना. घडीघडी राख काढा लागली का त्या म्हणतीन, शहरातल्या शिकेल बाईनं पास केलं म्हणते हे! मंग पुढच्या डावाले त्याईनं कोणाचं ऐकावं? तुमचा आकडा काही चुलीत जळत नाही, बाई."

मी रडले. त्यांनी रडू दिलं. मग माझ्या हातात पेन दिला, मी आकडा खोडला आणि खरा आकडा लिहून खाली सही केली. अहवाल गेला. पंधरा दिवसांत उत्तर आलं: मर्यादेपेक्षा राख जास्त असल्याने विचार करता येत नाही. लांजेवारजींनी ते पत्र वाचून त्याची घडी केली. "बरोबर लिहिलं त्याईनं," एवढंच म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. भाजी-पोळी तशीच खोलीवर परत गेली. मला अपराधी वाटत होतं ते खोटा आकडा लिहिल्याचं की खरा लिहिल्याचं, हे माझं मलाच कळत नव्हतं.

निवृत्त होऊन ते गावी गेले. मला वाटलं, विषय संपला. पुढच्या उन्हाळ्यात गावचा एक माणूस कापडी पिशवी घेऊन प्रयोगशाळेत आला. आत वड्यांचा चुरा, आणि ओळखीच्या अक्षरात चिठ्ठी: नमुना दोन. नाव नाही, गाव नाही. योजना केव्हाच गुंडाळली गेली होती, पण पत्रातली ती मर्यादा लांजेवारजींनी जपून ठेवली होती. साहेबांची परवानगी घेऊन मी सुट्टीच्या वेळात तो चुरा तपासला. ढीग, चपटा, चार भाग. राख मर्यादेच्या वरच, पण पहिल्यापेक्षा कमी. मी पोस्टकार्डावर नुसता आकडा लिहून पाठवला. तेव्हापासून दर वर्षी एक पिशवी यायची आणि इथून एक पोस्टकार्ड जायचं. "आशीर्वाद असावेत" वगैरे मजकूर आमच्यात कधी आला नाही.

चौथ्या नमुन्याच्या वर्षी मी त्यांच्या गावी गेले. सवयीप्रमाणे ते मला आधी चुलीपाशीच घेऊन गेले. चुलीत वड्या होत्या आणि पार्बताबाई डोळे न चोळता भाकऱ्या थापत होती. तणसाचा ढीग आता जमिनीवर नव्हता, दगड मांडून त्यांवर रचला होता. भाजण्याआधी तणीस झाडून, नाल्याच्या पाण्यात एकदा खंगाळून घ्यायचं. शेजारच्या चार घरांतही वड्या जळत होत्या. "राखेचा तरास हाये थोडा," पार्बताबाई म्हणाली, "पण भांडे घासाले बेस हाये." "तू तिची बाजू नको घेऊ वं," लांजेवारजी म्हणाले, "राख ते राखच." चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने आकडे लिहिले होते, एकाखाली एक. माझ्या पोस्टकार्डांवरचे. सगळ्यांत वर तो पहिला आकडा होता, माझ्या सहीचा. सगळ्यांत खाली, जरा जागा सोडून, मर्यादेचा आकडा आणि त्याखाली रेघ.

आणखी काही वर्षं गेली. एका उन्हाळ्यात पिशवी घेऊन स्वतः पार्बताबाई आली. तिचं रिकामं कपाळ पाहूनच मला कळलं. दिवाळीनंतर दोन दिवसांच्या तापात ते गेले होते. कळवणार कोण, पत्र लिहिणारे तेच होते. तिने पिशवी टेबलावर ठेवली. चिठ्ठी त्यांच्याच हातची: नमुना सात. "दिवाळीच्या आधी त्याईनंच भाजला, त्याईनंच कुटला," ती म्हणाली. "म्हणे, बाईकडे ने. नाव नको सांगू."

मी तिला घरी चला म्हटलं. ती म्हणाली, आकडा घेऊनच जाते. मग ती बाकावर बसून राहिली आणि मी ढीग केला. चपटा केला. चार भाग केले. मग पुन्हा पहिल्यापासून केलं. मूस भट्टीत गेली, दुपार कलता कलता बाहेर आली, निवली. मी राख तोलली. मर्यादेच्या वर. अगदी थोडी, पण वर. मी पुन्हा तोलली. मग तिसऱ्यांदा. काट्याकडे बघताना मला त्या दुसऱ्या पोत्याची आठवण होत होती. माणूस गेलेला, योजना गेलेली, समोर फक्त त्याची बायको. एवढ्याशा फरकाने कोणाचं काय बिघडणार होतं?

"काहून बाई," पार्बताबाई बाकावरून म्हणाली, "तीन-तीन डाव तोलून राहिल्या?"

मी तिच्याजवळ जाऊन बसले. "राख अजून जास्त आहे, पार्बताबाई."

"किती?"

मी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवली. ती माझ्या बोटांकडे बघत राहिली. मग तिचे डोळे भरले, पण ती हसली.

"एवढी तं मी चिमटीनं काढून टाकीन," ती म्हणाली. पदराने डोळे पुसले. "ते म्हणत होते ना, बाईच्या आकड्यावर डोळे मिटून जाय. एक डाव चुकल्या त्या, आता नाही चुकाच्या."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. मी तिचा हात धरला. मग तिने कागद मागितला. लिहिता येत नाही, पण पाहून भिंतीवर उतरवीन म्हणाली. मी मोठ्या अक्षरात आकडा लिहून दिला. तिने तो नीट पाहिला, घडी करून बटव्यात ठेवला आणि रिकामी पिशवी झटकून काखेत मारली. दारापर्यंत गेली, थांबली, मागे वळली.

"आठवा कवा आणू?"

मी म्हटलं, "धान निघालं की आणा."